मनोऱ्याच्या सोळा चाली

मुंबईच्या कोटात, विद्यापीठाच्या आवारात, उच्च न्यायालयाच्या शेजारी उभा असलेला राजाबाई मनोरा आज आपण डोळ्यांनी पाहतो, छायाचित्रांत साठवतो, परगावच्या पाहुण्यांना बोट करून दाखवतो. परंतु ज्यांनी तो बांधविला आणि ज्यांच्या देखत तो पुरा झाला त्यांच्या लेखी तो जितका पाहण्याचा होता तितकाच, किंबहुना काकणभर अधिक, ऐकण्याचा होता, ही गोष्ट आता मुद्दाम सांगावी लागते. १ मार्च १८६९ रोजी ज्याची पायाभरणी झाली आणि १८७८ च्या नोव्हेंबरात जो पूर्णत्वास गेला, तो हा २८० फूट उंचीचा मनोरा त्या काळी शहरातील सर्वांत उंच इमारत होता; आणि त्याच्या माथ्यावरील घंटांतून तासांचे ठोके तर पडतच, पण त्यांखेरीज गाण्यांच्या चालीही वाजत. अशा एकंदर सोळा चाली त्या यंत्रात भरलेल्या होत्या, त्या दिवसातून चार वेळा बदलत, आणि त्यांत ‘रूल ब्रिटानिया’ होती, ब्रिटिश राजघराण्याचे राष्ट्रगीत होते, ‘होम, स्वीट होम’ होते आणि हँडेल या संगीतकाराची एक रचनाही होती.

ग्रंथालयाच्या डोक्यावर उभारलेल्या आणि न्यायासनाच्या शेजाराने राहणाऱ्या एका गंभीर गॉथिक इमारतीने दिवसाच्या चार वेळांना चार निरनिराळी गाणी शहराला ऐकवावीत, ही कल्पना मुळातच मोठी लहरी होती. आणि त्या लहरीतच त्या इमारतीचे खरे औदार्य होते असे मला वाटते. आज पाव-पाव तासाला ऐकू येणारा एकच सूर तेवढा उरला आहे. गेल्या दशकात मनोऱ्याचा आणि ग्रंथालयाचा जीर्णोद्धार झाला, काजळी धरलेले दगड उजळले, रंगीत काचांची तावदाने दुरुस्त होऊन आपापल्या जागी बसली, आणि २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा एक घटक म्हणून मनोरा जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाला. दगडाला आणि काचेला जो न्याय मिळाला तो गाण्याला मिळावा की नाही, आणि मिळायचा तर कोणत्या गाण्याला, या प्रश्नावर माझ्या परिचयातील दोन वृद्ध गृहस्थांमध्ये जो वाद झाला तो मी येथे शक्य तितका त्यांच्याच शब्दांत मांडीत आहे. हे दोघे परस्परांचे व्याही. दादासाहेबांचे सारे आयुष्य उच्च न्यायालयाच्या वकिलीत गेले. अण्णांनी गिरगावात बाजाच्या पेट्या आणि भिंतीवरची घड्याळे दुरुस्त करण्याचा व्यवसाय केला. मी तटस्थ नव्हतो, माझे मन अण्णांच्या बाजूला होते. तथापि दादासाहेबांच्या ज्या म्हणण्याला मजजवळ उत्तर नव्हते तेही मी गाळलेले नाही.

दादासाहेबांनी आरंभ केला तो कायद्याने. “अण्णा, रूढीला न्यायालयात मान आहे, पण जो रूढी सांगतो त्याने ती प्राचीन आहे, निश्चित आहे, वाजवी आहे आणि अखंड चालत आलेली आहे, हे चारही मुद्दे शाबीत केले पाहिजेत. तुमच्या या गाण्यांच्या शिरस्त्यात सातत्याचाच अभाव आहे. शिरस्ता बंद पडला, लोकांनी तो बंद पडू दिला, कोणी अर्ज केला नाही, कोणी सभा भरविली नाही. जी वहिवाट लोकांनी आपण होऊन सोडली ती वारसा म्हणून पुन्हा त्यांच्या गळ्यात बांधावी, याला आधार काय?”

“मौन म्हणजे संमती, असे तुम्ही वकील मंडळी धरून चालता,” अण्णा म्हणाले, “पण आवाजाच्या बाबतीत ते लागू पडत नाही. इमारतीचा सज्जा कोसळला तर रस्त्यावर दगड पडतात, पोलीस येतात, पंचनामा होतो. आवाज थांबला तर पंचनामा कशाचा करणार? परळ-लालबागच्या गिरण्यांचे भोंगे घ्या. त्या भोंग्यांवर लाखो माणसांचे उठणे, जेवणे, पाळी बदलणे चालत असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि त्यांच्याबरोबर भोंगेही गेले. भोंगा पुन्हा वाजवा म्हणून कोणी कुठल्या कचेरीत अर्ज द्यायचा होता? अर्ज आला नाही म्हणून भोंग्याची कोणाला आठवण नाही, हे विधान तुम्ही लालबागच्या एखाद्या चाळीच्या पायऱ्यांवर उभे राहून करून पाहा.”

भोंग्याचा दाखला दादासाहेबांना लागला असावा, कारण त्यांनी त्याला उत्तर दिले नाही. ते एकदम वर्तमान कायद्याकडे वळले. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम त्यांच्या जिभेवर होते. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरांचा टापू शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तेथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. “आणि हा मनोरा,” ते म्हणाले, “शिक्षणसंस्थेत आहे आणि न्यायालयाला लागून आहे. नियम करणाऱ्याने जणू तुमचा मनोराच डोळ्यांपुढे ठेवला होता. साक्षीदार उलटतपासणीत अडखळलेला असावा, न्यायमूर्तींनी लेखणी उचललेली असावी, आणि वरून गाणे सुरू व्हावे, हे मला तरी रुचणार नाही.”

“न्यायालयाची इमारत आणि मनोरा दोन्ही १८७८ सालीच पुरी झाली, दादासाहेब. तुमच्या त्या इमारतीत ज्यांनी पहिल्यांदा निकाल दिले त्यांच्या कानांवर ही गाणी पडतच होती, आणि त्यामुळे न्याय बिघडला असे कोणी लिहून ठेवल्याचे मी ऐकले नाही. पावतासाचे ठोके आजही पडतात. त्यांना आपण कोणी हरकत घेत नाही. मी काही रात्रीबेरात्री गाणे मागत नाही. सकाळी एकदा, दुपारी न्यायालय उठलेले असते तेव्हा एकदा, कचेऱ्या सुटताना एकदा आणि दिवेलागणीला एकदा, एवढेच मागणे आहे. भर दुपारी ओव्हलवर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा कल्ला आणि रस्त्यावरच्या मोटारींचे कर्णे ज्या नियमाला आवरत नाहीत, त्या नियमाने चार मिनिटांच्या घंटा तेवढ्या अडवाव्यात, हे तुम्हालाही पटत नसेल.”

येथे मी मध्ये पडलो. मनोऱ्याच्या उत्पत्तीविषयीची आख्यायिका दोघांनाही ठाऊक होती, पण ती वादात कोणी आणली नव्हती. कापसाच्या तेजीत अमाप पैसा मिळविलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी विद्यापीठाला देणगी दिली, आणि मनोऱ्याला आपल्या मातोश्रींचे नाव असावे अशी इच्छा प्रकट केली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाचा भाव कोसळला, त्यांची स्वतःची पेढी बुडाली, आणि तरीही मनोरा उभा राहिला, इतका इतिहास आहे. त्यापुढे लोक असे सांगतात की राजाबाई दृष्टिहीन होत्या, धर्मनिष्ठ जैन असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा त्यांचा नेम होता, आणि कोणाला न विचारता त्यांना वेळ कळावी म्हणून या घंटा. ही आख्यायिका खरी असो वा नसो, ज्या लोकांनी ती रचली किंवा जतन केली त्यांना हा मनोरा कोणासाठी आहे याविषयी संदेह नव्हता, असे मी म्हणालो.

“आख्यायिका हा पुरावा नव्हे,” दादासाहेब शांतपणे म्हणाले.

“पुरावा नसेल, पण तिच्यात एक विचार आहे,” अण्णा म्हणाले. “ज्या बाईला मनोरा दिसणार नाही तिच्यासाठी तो बांधला, अशी कथा लोकांनी सांगितली. आणि आज सर्वसामान्य माणसाची परिस्थिती काय आहे? वरून उड्या घेऊन माणसांनी जीव दिले म्हणून मनोऱ्याचा जिना लोकांना बंद झाला. बंद झाला ते योग्यच झाले. पण मग तो चढून जाण्याची सोय नाही, आत शिरण्याची मोकळीक नाही, तेव्हा सार्वजनिक म्हणविणारी ही इमारत लोकांपर्यंत पोहोचणार कशी? चर्चगेटकडे धावणाऱ्या माणसाला मान वर करायला सवड नसते. त्याच्यापर्यंत मनोरा यायचा तो आवाजानेच येईल.”

या बोलण्यानंतर दादासाहेबांचा सूर बदलला. आतापर्यंतची त्यांची हरकत वकिलाची होती, यापुढची माणसाची होती, आणि मला ती अधिक वजनदार वाटली. ते म्हणाले, “ठीक आहे, गाणे वाजले पाहिजे असे क्षणभर धरून चालू. काय वाजवायचे? १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेत जीर्णोद्धारावर एक मर्यादा घातली आहे: जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धाराने थांबले पाहिजे. तुमच्या सोळा चालींपैकी तीन-चारांचीच नावे सर्वतोमुखी आहेत. उरलेल्या डझनभर चाली तुम्ही मनाने रचणार काय? आणि ज्या ठाऊक आहेत त्यांपैकी पहिलीच पाहा. समुद्रावर ब्रिटनची सत्ता अबाधित राहो, ब्रिटनचा मनुष्य कधी गुलाम होणार नाही, अशी प्रौढी मिरविणारे ते गीत, ज्यांना गुलाम करून ठेवले होते त्यांच्याच शहरात, त्यांच्याच पैशाने बांधलेल्या मनोऱ्यावरून वाजत होते. माझे वडील बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात होते. प्रामाणिक जीर्णोद्धार हवा असेल तर तेच गीत वाजवावे लागेल, आणि ते मी जिवंत असेतो वाजू देणार नाही. ते वाजवायचे नसेल तर जे होईल ते जीर्णोद्धार नव्हे, नवीच गोष्ट होईल. मग वारशाचे नाव कशाला घेता? त्यापेक्षा मनोऱ्याचे मौन अधिक सत्य आहे. साम्राज्य गेले आणि त्याचे गाणे थांबले; यात दुरुस्त करण्यासारखे काय आहे?”

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. अण्णांनी मग मला कागद आणि पेन्सिल मागितली, आणि बोलण्याऐवजी आकृती काढायला घेतली.

अशा गाणाऱ्या घड्याळांच्या यंत्रात एक मोठे आडवे पिंप असते, आणि त्याच्या अंगावर फणसाच्या काट्यांसारख्या खुंट्या उभ्या असतात. वजनांच्या ओढीने पिंप सावकाश फिरू लागले की एकेक खुंटी आपल्या समोरची तरफ उचलते आणि सोडते. तरफेला बांधलेली तार वरच्या मजल्यावर जाते आणि तिच्या टोकाचा हातोडा घंटेवर पडतो. खुंट्यांमधले अंतर म्हणजे ताल, खुंटी कोणत्या तरफेसमोर आहे तो स्वर. पिंपाच्या एका फेऱ्यात एक चाल संपते. आणि पिंप आपल्या आसावर सुताभराने डावीकडे किंवा उजवीकडे सरकविले म्हणजे खुंट्यांची दुसरी ओळ तरफांसमोर येऊन दुसरी चाल वाजते. अण्णांनी पेन्सिलीने ही सरक दोनदा गिरवून दाखविली, कारण त्यांचा सारा युक्तिवाद तिच्यावर उभा होता.

“हे पाहा, दादासाहेब. ज्याने हे यंत्र योजले त्याला एकच गाणे शाश्वत वाजवायचे असते तर ही सरक ठेवण्याचे कारण नव्हते. सोळा चाली, दिवसात चार बदल, हाच या मनोऱ्याचा शिरस्ता. बदलणे हा त्याचा धर्म आहे. ‘रूल ब्रिटानिया’ ही त्या काळच्या सत्ताधाऱ्यांनी त्यात भरलेली एक ओळ आहे. बेल्जममध्ये ब्रुज शहराच्या मनोऱ्यात अठराव्या शतकातले असेच पिंप आहे, त्याच्यावर खुंट्यांसाठी तीस हजारांवर भोके आहेत, आणि तेथले लोक ठरावीक काळाने जुन्या खुंट्या काढून नव्या चाली बसवितात. असे करताना आपण परंपरा मोडतो असे त्यांना वाटत नाही. हीच त्यांची परंपरा आहे, आणि त्या देशातल्या घंटावादनाच्या जतनाचा युनेस्कोनेही २०१४ साली आदर्श म्हणून गौरव केला आहे. तुम्ही सनदेतले कलम दगडाला लावता तसेच गाण्याला लावता. दगड एकदा घडवून ठेवला की राहतो. गाणे रोज नव्याने वाजले तरच असते, आणि रोज नव्याने जे करायचे ते कोणाच्या नावाने करायचे हे रोजच्या माणसांनी ठरवायचे.”

मला येथे मनोऱ्याच्या अंगावरचे पुतळे आठवले. मनोऱ्याचे वास्तुविशारद स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये बसून आराखडा काढला, ते स्वतः हिंदुस्थानात कधी आले नाहीत. पण बांधकामाच्या वेळी रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याने पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींचे चोवीस पुतळे घडविले, आणि ते आपापल्या पागोट्यांसह, पोशाखांसह, मनोऱ्याच्या अंगाखांद्यावर उभे आहेत. खालून पाहणाऱ्याला त्यांचे चेहरे नीट दिसत नाहीत, पण पागोट्याच्या ठेवणीवरून माणूस ओळखू यावा इतक्या निगुतीने ते काम झालेले आहे. जेथे संतांचे आणि राजांचे पुतळे असावयाचे त्या कोनाड्यांत येथे रयत उभी राहिली. दीडशे वर्षे ती तेथे उभी आहे, आणि तिच्या डोक्यावरच्या घंटांनी तिच्या भाषेतली एकही चाल वाजविली नाही. ही विसंगती ज्याला खुपत नाही त्याच्याशी माझा वाद नाही. मला ती खुपते.

दादासाहेबांनी मान हलविली. “पुतळ्यांचा मुद्दा मला मान्य आहे. पण त्याने अडचण वाढते. सोळा चाली निवडणार कोण? चोवीस पुतळे आणि सोळा जागा, इथेच भांडणाला सुरुवात झाली. आज कोळीगीत घेतले तर उद्या गरबा का नाही, मांडो का नाही, कव्वाली का नाही असे विचारणारे येतील, आणि प्रत्येकाची मागणी रास्त असेल. एक समिती नेमतील, समितीचा अहवाल येईल, अहवालावर हरकती मागवतील. ज्या मनोऱ्याने निदान कोणाचे मन दुखविले नाही तो रोज चौघांचे मन दुखवील.”

“या मनोऱ्याने भांडणे पाहिलेली आहेत,” मी म्हणालो. १८८० च्या दशकारंभी गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या सरकारने मुंबईची स्थानिक वेळ सोडून अर्ध्या तासाने पुढे असलेली मद्रासची वेळ चालू करण्याचे ठरविले, तेव्हा विद्यापीठाच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी यावर सिनेटमध्ये चर्चा झाली. सिनेटने मुंबईच्या वेळेच्या बाजूने कौल दिला, आणि सरकारने तबकडीवरच्या दिवाबत्तीच्या खर्चातून हात काढून घेतला. पुढे १९०६ साली साऱ्या देशाची एक प्रमाणवेळ झाल्यावरही मुंबईत ‘बॉम्बे टाइम’ वर्षानुवर्षे धरून ठेवणारे लोक होते, आणि एकाच शहरात एकोणचाळीस मिनिटांच्या अंतराने दोन वेळा नांदत होत्या. घड्याळ कोणाचे, या प्रश्नावर ज्या शहराने इतक्या निष्ठेने वाद घातला, त्या शहराला गाणे कोणाचे, या प्रश्नावर वाद घालता यावा. त्या वादाला भिऊन गाणेच नको म्हणणे मला योग्य वाटत नाही.

दादासाहेबांनी यावर जे काढले ते अनपेक्षित होते. ते मैफलींचे जुने शौकीन आहेत, आणि त्यांच्या मनातली खरी कुरकूर कायद्याची नव्हती, स्वरांची होती. “मद्रासचे राहू द्या. घंटांवर आपले संगीत वाजेल तरी कसे? घंटेला मींड नाही, आंदोलन नाही, श्रुती नाहीत. टोला मारला की स्वर सुटला, त्याला पुढे वळवता येत नाही. सकाळच्या रागातला रिषभ जो हळूच झुलतो, त्याची त्या हातोड्याखाली काय अवस्था होईल? आपल्या चालींचा असा सांगाडा मुंबईच्या आकाशात टांगण्यापेक्षा मी विलायती गाणे पत्करीन. ते निदान या यंत्रासाठी रचलेल्या परंपरेतले आहे.”

अण्णांनी हे तत्काळ मान्य केले, आणि मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार आवडला. “राग नकोच. रागाचे नाव घेऊन घंटा बडवणे हा अपराध होईल, त्यात मी सामील होणार नाही. पण ओवी घ्या, भूपाळी घ्या, पाळणा घ्या. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या, ठाय लयीच्या, शेकडो वर्षे साध्या गळ्यांनी गायिलेल्या चाली आहेत. त्यांना मींड लागत नाही, विसावा लागतो. घंटेचा नाद पटकन विरत नाही, म्हणून घाईची चाल तिच्यावर चिखल होते आणि सावकाश चाल शोभते. आणखी एक सांगतो. ओतीव घंटेवर टोला पडला की मूळ स्वराबरोबर तिच्या अंगातून इतरही स्वर उमटतात, आणि त्यांतला एक ठळक स्वर, मूळ स्वराला षड्ज मानले तर, कोमल गांधारापाशी येतो. विलायती आनंदी गाण्यांत शुद्ध गांधाराचा डौल असतो, म्हणून ती गाणी घंटांवर वाजताना आतून थोडी ओढाताण होतेच. ज्या लोकचालींत कोमल गांधार मुळातच आहे त्यांना ही घंटा अडसर नाही, साथ आहे. मी पेट्या दुरुस्त करतो, माझा कान पेटीने बिघडलेला आहे असे तुम्ही नेहमी म्हणता. पण एखादी जुनी घंटा हाताशी घेऊन, टोला मारून, नाद संपेपर्यंत कान लावून बसा, आणि मग सांगा.”

“आणि वेळेचे काय?” दादासाहेबांनी विचारले, पण आता त्यांच्या विचारण्यात विरोध नव्हता, कुतूहल होते.

“वेळेचे तर आपल्याला कोणी शिकवायला नको. देवळाच्या नगारखान्यात सनई-चौघडा ठरल्या वेळी झडतो, पहाटेचा निराळा, सांजेचा निराळा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर नगारखाना आहे तो कशासाठी? प्रहर बदलला की सूर बदलावा, ही आपली शेकडो वर्षांची समजूत. लंडनच्या घड्याळजीने दिवसातून चार वेळा चाल बदलणारे यंत्र मुंबईत आणून ठेवले, आणि नकळत तो आपल्याच वळणावर आला. आपण ते वळण पुरे करावे, इतकेच.”

मला वाटले वाद येथे संपला. पण नंतर जे झाले त्यात दोघांनी जागा बदलल्या. अण्णांचे म्हणणे असे पडले की सोळाही चाली नव्या आणि इथल्या असाव्यात; जुन्यांपैकी एकही ठेवू नये. दादासाहेब, ज्यांना काही वेळापूर्वी मनोऱ्याचे मौन प्रिय होते, ते आता हट्टाने म्हणू लागले की ‘होम, स्वीट होम’ राहिलेच पाहिजे.

“ते गीत कोणत्याही राजाचे नाही,” ते म्हणाले. “१८२३ साली लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या एका संगीत नाटकातले ते गीत, शब्द एका अमेरिकन कवीचे, चाल बिशप या इंग्रज संगीतकाराची, घरापासून लांब असलेल्या माणसाने घराची आठवण काढावी, एवढाच त्याचा विषय. कोटातल्या एखाद्या पेढीत खर्डेघाशी करणाऱ्या इंग्रज पोराने ते ऐकून डोळे पुसले असतील. पण त्याच्या खालून जाणारा कोण होता? रत्नागिरीहून बोटीने आलेला गडी, साताऱ्याकडून आलेला माथाडी, काठेवाडातून आलेला गुमास्ता. ही मुंबई घर सोडून आलेल्या माणसांनीच बांधली. माझे आजोबा देवगडाहून आले आणि चाळीतल्या एका खोलीत दहाजणांबरोबर राहून त्यांनी घराला मनिऑर्डरी पाठविल्या. त्यांना त्या गीताचा एक शब्द कळला नसता, पण ते गीत इंग्रज पोराच्या आधी त्यांचे होते. ‘रूल ब्रिटानिया’ काढा. राजाचे गीत काढा. हे एक माझ्यासाठी राहू द्या.”

अण्णांचा याला विरोध होता आणि तो अजूनही मावळलेला नाही. त्यांच्या मते परघरी आलेल्या माणसाचे दुःख सांगायला आपल्या जात्यावरच्या ओव्यांत माहेराच्या आठवणींचा जो साठा आहे तो पुरून उरेल, आणि तो बाजूला ठेवून बिशपच्या दारी जाण्याचे कारण नाही. माझे मत विचाराल तर मी येथे दादासाहेबांच्या पक्षाचा आहे. जे लादले गेले ते काढण्याचा हक्क जितका खरा, तितकाच जे आपल्याला भिडले ते ठेवण्याचा हक्क खरा. आणि सोळांत एक परके गीत ठेवल्याने उरलेल्या पंधरांचे काही बिघडत नाही.

यानंतर दोघांनी मिळून विद्यापीठाकडे आणि वारसा समितीकडे पाठवावयाच्या अर्जाचा मसुदा करायला घेतला. मुंबईत वारसा वास्तूंचे नियम १९९५ पासून आहेत आणि हा मनोरा त्यांतल्या पहिल्या श्रेणीचा आहे, तेव्हा मंजुरीवाचून एक खुंटीही हलविता येणार नाही, हे दादासाहेबांनी आरंभीच लिहिले. जुन्या यंत्राचा जो भाग शिल्लक असेल त्याला हात लावू नये, नव्या चालींसाठी नवे पिंप करून ते असे बसवावे की हवे तेव्हा उतरविता यावे, हे दुसरे कलम. घंटांच्या हादऱ्याने चुन्याच्या सांध्यांना इजा पोहोचते की काय याची परीक्षा जाणत्या अभियंत्याकडून प्रथम करून घ्यावी, हे तिसरे. अण्णांनी चौथे कलम आपल्या हाताने लिहिले, आणि ते पहिले असावे असा आग्रह धरला: या कामासाठी एक घड्याळजी कायम पगारावर नेमावा, त्याच्या हाताखाली एक उमेदवार असावा, आणि त्या दोघांच्या वेतनाची तरतूद देणगीतून न करता विद्यापीठाच्या वार्षिक अंदाजपत्रकातून व्हावी. देणगीने पिंप येईल, उद्घाटन होईल, वर्तमानपत्रांत छायाचित्र येईल. पण तेल कोण घालणार, वजने कोण चढविणार, पावसाळ्यात तार गंजली तर बदलणार कोण, याची व्यवस्था नसेल तर तीन वर्षांत पुन्हा एकच सूर उरेल, असे ते म्हणाले. गाणी बंद पडतात ती बहुधा कोणाच्या हुकुमाने नव्हे, माणूस निवृत्त होतो आणि त्याची जागा भरली जात नाही म्हणून, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव आहे.

कलमांचा क्रम बदलून दादासाहेबांनी अण्णांचे कलम वर घेतले. ‘होम, स्वीट होम’ बद्दलचे कलम त्यांनी स्वतंत्र कागदावर लिहिले असून त्यावर अद्याप अण्णांची सही झालेली नाही.